वाचून बोलण्याची विद्या : प्रस्तावना

बातम्या देणाऱ्यांबद्दल एक शेरा हमखास ऐकू येतो : 'समोर लिहिलेलं असतं, नुसतं वाचायचं.' असं म्हणणाऱ्या कुणालाही कॅमेऱ्यासमोर उभं करून काचेवरचा मजकूर वाचायला सांगितलं, तर पहिल्या दोन वाक्यांतच आवाज एका पट्टीत अडकतो. मान ताठ होते, डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसू लागतात, पापणी लवत नाही. तोच माणूस थोड्या वेळापूर्वी चहा घेताना याच विषयावर हातवारे करत, अडखळत, शब्द शोधत, मनापासून बोलत असतो. या दोन माणसांमधलं अंतर हा या पुस्तकाचा विषय आहे.

वृत्तवाहिन्यांच्या भाषेत टेलिप्रॉम्प्टरला 'टीपी' म्हणतात. एके काळी टीपी फक्त स्टुडिओत असायचा आणि त्यासमोर बसणारी माणसं मोजकी असायची. आता मोबाइलवर टीपीची अ‍ॅप आहेत. प्राध्यापक व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित करतात, डॉक्टर मधुमेहावर दोन मिनिटं बोलतात, कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ फवारणीची माहिती देतात, सहकारी पतसंस्थेचे अध्यक्ष सभासदांना संदेश पाठवतात. यांतल्या बहुतेकांना वाचून बोलायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं. लिहिता येतं, बोलता येतं, म्हणजे लिहिलेलं बोलताही येईल असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक चुकीचं आहे, आणि ते मोडून काढावं म्हणून वृत्तनिवेदक, लेखक, टीपी ऑपरेटर, नाट्यकलावंत आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या वाटांनी या कामात आलेल्या माणसांचे लेख इथे एकत्र केले आहेत.

आधी यंत्राची ओळख. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पंचेचाळीस अंशांत एक काच तिरकी बसवलेली असते. खाली आडवा ठेवलेला पडदा मजकूर उलटा दाखवतो, आरशात दिसावा तसा. काचेत पडलेलं त्याचं प्रतिबिंब वाचणाऱ्याला सुलटं दिसतं. काचेमागून कॅमेरा वाचणाऱ्याला पाहत असतो, त्याला अक्षरं दिसत नाहीत. अशी काच साधारण सत्तर टक्के प्रकाश आरपार जाऊ देते आणि तीस टक्के परावर्तित करते. म्हणजे कॅमेऱ्याला जवळजवळ अर्ध्या स्टॉपचा प्रकाश कमी मिळतो, तो दिव्यांनी किंवा भिंगाचं छिद्र उघडून भरून काढायचा. मागून उजेड शिरला तर प्रतिबिंब फिकं पडतं, म्हणून भिंगाभोवती काळं कापड घट्ट बांधतात. यंत्र एवढंच आहे. ते तासाभरात शिकून होतं. पुढचं सगळं माणसाचं काम आहे.

या यंत्राचा जन्म एका नटाच्या धास्तीतून झाला. अमेरिकेत १९५० च्या सुमारास दूरचित्रवाणीवर रोज नवा भाग थेट प्रक्षेपित होऊ लागला. रंगभूमीवरच्या नटाला महिनाभर तालीम मिळायची, इथे एका रात्रीत संवाद पाठ करावे लागत. फ्रेड बार्टन या ब्रॉडवेच्या नटानं ही अडचण ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समधल्या अर्व्हिंग कान यांच्यासमोर मांडली आणि तिथलेच अभियंते ह्युबर्ट श्लाफ्ली यांनी यंत्र घडवलं. मोठ्या अक्षरांत छापलेली कागदाची गुंडाळी मोटरवर फिरायची, पेटी कॅमेऱ्याच्या बाजूला टांगलेली असायची. डिसेंबर १९५० मध्ये 'द फर्स्ट हंड्रेड इयर्स' या सीबीएसच्या मालिकेत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. पेटी बाजूला असल्यामुळे नजर भिंगावरून ढळायची. 'आय लव्ह ल्यूसी'चे निर्माते जेस ओपनहायमर यांनी तिरक्या काचेची युक्ती काढून ती उणीव भरली. १९५३ मध्ये ल्यूसिल बॉलनं एका जाहिरातीत थेट भिंगात पाहत मजकूर वाचला.

राजकारणानं हे यंत्र फार लवकर उचललं. १९५२ च्या शिकागोतल्या रिपब्लिकन अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी ते वापरलं. त्याच वर्षीच्या प्रचारात आयझेनहॉवर यांच्यासमोरची गुंडाळी वेळेवर पुढे सरकेना, तेव्हा प्रक्षेपण चालू असतानाच त्यांचा वैताग लोकांना ऐकू गेला. ऑपरेटर आणि वक्ता यांचं नातं किती नाजूक असतं, ते यंत्र दोन वर्षांचं व्हायच्या आतच उघड झालं होतं. पुढे कागद गेला. १९८२ मध्ये कोर्टनी गुडिन आणि लॉरेन्स एब्रम्स यांनी अटारीच्या घरगुती संगणकावर चालणारा पहिला संगणकीय प्रॉम्प्टर आणला. आज स्टुडिओत दिसतो तो त्याचाच वंशज.

महाराष्ट्राला मात्र वाचून बोलणं या काचेनं शिकवलेलं नाही. देवळात पुराण सांगायला बसलेले पुराणिकबुवा पोथीवर नजर टाकतात, ओवी वाचतात, मान वर करून श्रोत्यांकडे बघत अर्थ सांगतात आणि पुन्हा पोथीकडे वळतात. लिहिलेला शब्द आणि समोरचा माणूस या दोहोंत नजर कशी वाटून द्यायची याचा तो शेकडो वर्षांचा सराव आहे. कीर्तनकार त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो : हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ, पण आख्यान रोज नव्यानं सुचल्यासारखं. संगीत नाटकांच्या काळापासून विंगेत वही घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर आपल्याकडे आहे. नटाला वाक्य आठवत नाही हे त्याच्या श्वासावरून ओळखून, प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं पहिले दोन शब्द पुरवणं हे त्याचं कसब. साहित्यात कथाकथन आणि अभिवाचन असे दोन वेगळे प्रवाह राहिले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व. पु. काळे यांनी गावोगावी कथा सांगितल्या. अभिवाचनात मात्र संहिता उघडपणे हातात असते आणि तरीही ऐकणाऱ्याचं मन गुंतून राहतं. हे दुसरं आपल्या विषयाला जवळचं आहे. कारण समोर कागद दिसत असूनही श्रोता बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतो, हे त्यातून सिद्ध होतं.

नभोवाणीनं यात मोठी भर घातली. हिल्डा मॅथेसन १९२७ मध्ये बीबीसीच्या भाषणविभागाच्या पहिल्या संचालक झाल्या आणि सभेत ठोकायचं भाषण माइकसमोर चालत नाही, घरात बसलेल्या एका माणसाशी बोलायचं असतं, असा आग्रह त्यांनी धरला. भाषण आधी लिहायचं, तालीम करायची, आणि तरी ते सहज बोलल्यासारखं ऐकू यायला हवं, हा विचार तिथे पद्धतशीरपणे रुजला. आपल्याकडे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांनी दिलेल्या बातम्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आवाजात ना नाट्य, ना कोरडेपणा. वाक्य कुठे संपणार हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे असं ऐकताना जाणवायचं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांना पाहत एक पिढी मोठी झाली. सुरुवातीच्या त्या काळात बातम्या टेबलावरच्या कागदावरून वाचल्या जात. खाली बघून वाक्याचा गट उचलायचा, वर बघून तो सांगायचा. आज जुनी दृश्यं पाहिली की त्यांतला ठहराव लक्षात येतो, आणि त्यामागे निव्वळ स्मरणरंजन नाही. १९६७ मध्ये अ‍ॅडम केंडन यांनी दोघांच्या संभाषणातल्या नजरेचा बारकाईनं अभ्यास केला. बोलणारा माणूस वाक्य सुरू करताना बहुधा नजर बाजूला नेतो आणि म्हणणं संपत आलं की समोरच्याकडे पाहतो, असं त्यांना आढळलं. कागदावरून वाचणारे निवेदक नेमकं हेच करत होते. सुरुवातीला नजर कागदावर, शेवटी प्रेक्षकावर. काच आल्यावर नजर सतत भिंगावर राहू लागली आणि वाचणाऱ्यांना वाटलं की प्रेक्षकाशी असलेलं नातं आता जास्त घट्ट झालं. माझ्या मते तिथे काहीतरी हातातून निसटलं. अखंड रोखलेली नजर कुणीच कुणाला देत नाही. या संग्रहातल्या एका लेखात टीपी असतानाही हातात कागद का ठेवावेत आणि ते खरोखर का वाचावेत याचं सविस्तर विवेचन आहे. नव्या निवेदकांनी तो लेख जरूर वाचावा.

डोळ्यांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण तक्रारीची सुरुवात तिथूनच होते. १९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दीडशे निरोगी माणसांच्या पापण्यांची हालचाल मोजली. स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला सरासरी १७ वेळा, बोलताना २६ वेळा आणि वाचताना फक्त साडेचार वेळा पापणी लवत होती. प्रेक्षकाला हा आकडा माहीत नसतो, पण समोरचा माणूस बोलत असूनही त्याच्या पापण्या वाचणाऱ्यासारख्या थिजल्या आहेत ही विसंगती त्याला बरोबर टोचते. दुसरी गोष्ट अंतराची. वीस सेंटिमीटर रुंदीची ओळ एक मीटरवरून वाचली तर नजर सुमारे अकरा अंशांतून फिरते आणि तीन मीटरवरून वाचली तर चार अंशांहूनही कमी. म्हणून स्टुडिओत कॅमेरा लांब ठेवतात, अक्षर मोठं करतात, ओळ आखूड ठेवतात. मोबाइलवर नेमकं उलट होतं. फोन हातभर अंतरावर, भिंग वरच्या कडेला आणि मजकूर पडद्याच्या मध्यावर. चाळीस सेंटिमीटरवरच्या फोनमध्ये मजकूर भिंगाच्या सात सेंटिमीटर खाली असला तर नजर जवळजवळ दहा अंशांनी खाली पडते. बोलणारा आपल्या हनुवटीकडे बघतोय असं पाहणाऱ्याला वाटतं. फोन स्टँडवर लावून दूर न्या, मजकुराची पट्टी भिंगाच्या अगदी खाली आणा आणि अरुंद करा. निम्मी तक्रार एवढ्यानं मिटते.

उरलेली निम्मी तक्रार डोळ्यांनी मिटत नाही. या विद्येत जे वेगवेगळे संप्रदाय झाले, त्यांचं भांडणही मुळात त्या उरलेल्या अर्ध्यावरच आहे.

वृत्तकक्षाचा संप्रदाय सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत शिस्तीचा. शब्द न शब्द लिहिलेला हवा, कारण बातमीत चूक परवडत नाही. या संप्रदायाचा पहिला नियम असा की ऑपरेटर निवेदकाच्या मागे चालतो, निवेदक ऑपरेटरच्या मागे धावत नाही. निवेदक थांबला की अक्षरं थांबली पाहिजेत. नवशिके हे उलट करतात : अक्षरं वर सरकू लागली की त्यांचा वेग वाढतो, तो वाढला म्हणून ऑपरेटर चाक आणखी फिरवतो, आणि दोघं मिळून बातमी पळवत नेतात. वॉल्टर क्रॉन्काइट यांनी बातम्यांसाठी मिनिटाला १२४ शब्दांचा संथ वेग स्वतःला लावून घेतला होता, तो यासाठीच की ऐकणाऱ्याला बातमी कळली पाहिजे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला एक शब्द इंग्रजीच्या दोनतीन शब्दांचं काम करतो. तिकडचा शब्दांचा आकडा जशाच्या तसा इकडे आणून चालणार नाही. तिकडून घ्यायचा तो त्यामागचा विचार.

व्यासपीठाचा संप्रदाय वेगळा. वक्त्याच्या डावी-उजवीकडे दोन पारदर्शक काचा उभ्या असतात, सभेला त्या जवळजवळ दिसत नाहीत आणि वक्ता दोन्हींकडे आलटून पालटून बघत बोलतो. इथे धोका असतो तो लयीचा. डावीकडे एक वाक्य, उजवीकडे एक वाक्य असा झोका सुरू झाला की भाषण यांत्रिक होतं. या संप्रदायातली एक घटना मात्र प्रत्येक शिकणाऱ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. २२ सप्टेंबर १९९३ ला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आरोग्यसेवेवरचं भाषण करायला अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले, आणि प्रॉम्प्टरवर आधीचं जुनंच भाषण आलेलं त्यांना दिसलं. मजकूर बदलेपर्यंत जवळपास सात मिनिटं गेली. तेवढा वेळ ते बोलत राहिले आणि ऐकणाऱ्यांना काही घडल्याचं कळलंही नाही. भाषणाच्या मसुद्यावर शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी स्वतः हात फिरवला होता. शब्द काचेवर नव्हते, पण विचार डोक्यात होता.

कलावंतांचा संप्रदाय काचेपेक्षा पुठ्ठ्यावर भरवसा ठेवतो. बार्नी मॅक्नल्टी यांनी १९४९ मध्ये एड विन या विनोदी नटासाठी मोठ्या अक्षरांची कार्डं धरायला सुरुवात केली, आणि 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये आजही हातानं लिहिलेली कार्डंच वापरली जातात. कारण व्यावहारिक आहे : कार्यक्रम सुरू होईपर्यंत विनोद बदलत राहतात, कार्ड पटकन बदलता येतं, आणि ते धरणारा माणूस नटाच्या हालचालीबरोबर सरकू शकतो. मुद्दे लिहिणाऱ्यांचा चौथा संप्रदाय यूट्यूबवर फोफावला. पूर्ण वाक्य लिहायचंच नाही, चारपाच शब्दांचे मुद्दे समोर ठेवायचे, बाकीचं बोलताना सुचेल ते, आणि अडखळलेलं संकलनात कापायचं. यातून जिवंतपणा येतो, पण विषय नेमका मांडायचा असेल तर बोलणं पसरट होतं. आणखी काही जण स्वतःच्याच आवाजात आधी मुद्रित केलेलं कानात ऐकत क्षणभर मागून बोलतात. त्याला कसब लागतं, आणि ते सगळ्यांना झेपत नाही.

एरल मॉरिस या माहितीपटकारानं तर हे यंत्रच फिरवून वापरलं. काचेवर अक्षरांऐवजी त्यांनी स्वतःचा चेहरा आणला. मुलाखत देणारा त्यांच्या चेहऱ्याशी बोलतो, आणि त्यामुळे आपोआप थेट भिंगात बघतो. १९९७ चा 'फास्ट, चीप अँड आउट ऑफ कंट्रोल' आणि २००३ चा 'द फॉग ऑफ वॉर' पाहिले की कळतं, काचेमागे माणूस आहे अशी खात्री असली की नजर किती बदलते. वाचणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. भिंगाच्या जागी आपल्या ओळखीच्या एका माणसाला बसवा आणि त्याला सांगा.

इतक्या संप्रदायांमधून आम्ही ज्या निष्कर्षाला आलो, तो सरळ मांडतो. वाचताना कृत्रिमपणा येतो त्याचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं, आवाजातही नसतं, ते वाक्यात असतं. जे वाक्य कुणी माणूस बोललाच नसता ते वाक्य कितीही कसलेल्या निवेदकाला बोलल्यासारखं वाचता येणार नाही. सहजता लिहायच्या टेबलावर ठरते, स्टुडिओत ती फक्त टिकवायची असते.

एक उदाहरण जवळून पाहू. सरकारी प्रसिद्धिपत्रकात असतं तसं वाक्य घ्या : 'मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अतिवृष्टीमुळे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना देण्यात येणाऱ्या मदतीच्या रकमेत वाढ करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.' एकोणीस शब्द. टीपीच्या अरुंद पट्टीवर ते असं तुटतं : मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली / झालेल्या मंत्रिमंडळाच्या / बैठकीत अतिवृष्टीमुळे / नुकसान झालेल्या / शेतकऱ्यांना देण्यात / येणाऱ्या मदतीच्या / रकमेत वाढ करण्याचा / निर्णय घेण्यात / आला आहे. तिसऱ्या ओळीत बैठक आणि अतिवृष्टी शेजारी आल्या, पाचव्या ओळीत शेतकरी अर्धवट तुटले. मोठ्यानं वाचताना डोळा आवाजाच्या थोडा पुढे धावत असतो, हे गाय बझवेल यांनी १९२० मध्येच मोजून दाखवलं होतं. पण तो पुढे धावून धावून किती धावणार? मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाढ झाली की कपात, हे सातव्या ओळीत कळतं, निर्णय झाला की लांबला हे नवव्या. तोवर वाचणाऱ्यालाच माहीत नसतं की आपण आनंदाची बातमी देतोय की वाईट. मग आवाज एका पट्टीत अडकणारच.

आता हेच असं लिहा : अतिवृष्टीनं ज्यांचं पीक गेलं / त्या शेतकऱ्यांना / आता जास्त मदत मिळणार आहे. / मंत्रिमंडळाच्या बैठकीत / आज तसा निर्णय झाला. पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीत अर्थाचा एक पुरा गट. 'ज्यांचं' म्हटलं की कान 'त्यां'ची वाट पाहू लागतो, त्यामुळे पुढच्या ओळीवर जाताना ओघ तुटत नाही. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा ही मराठीची जोडवाक्यं टीपीसाठी जणू मुद्दाम घडवली आहेत. आपल्या आजीच्या बोलण्यात ती सतत असायची, प्रसिद्धिपत्रकांच्या मराठीनं ती हाकलून दिली. त्यांना परत आणणं हे या पुस्तकाच्या प्रमुख उद्देशांपैकी एक आहे, आणि 'करण्यात आले', 'घेण्यात आले' या कर्त्याला लपवणाऱ्या रचनांना स्टुडिओबाहेर ठेवणं हे दुसरं.

देवनागरीच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत, ज्यांबद्दल इंग्रजी पुस्तकं काही सांगू शकत नाहीत. आपल्या मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींमध्ये जागा जास्त लागते. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर ठेवलं तर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. जुन्या श्रीलिपी किंवा आकृती फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला ऱ्य सगळ्यात आधी मोडतो, आणि तो मोडलेला शब्द थेट प्रक्षेपणात समोर आला की निवेदक गडबडलाच म्हणून समजा. वृत्तकक्षात याला 'फंबल' म्हणतात आणि दोष निवेदकाच्या माथी मारतात. आकड्यांचं दुखणं याहून मोठं. ५९, ६९, ७९ हे अंक डोळ्याला पाच, सहा, सातानं सुरू होताना दिसतात, जिभेला मात्र एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणायचं असतं. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात, मग चाळीस. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथेच ठेचकाळतात. उपाय साधा आहे : टीपीवर आकडा अक्षरात लिहायचा, आणि नेमकेपणाची गरज नसेल तिथे 'अडीच लाखांच्या आसपास' म्हणायचं. शिवाय च आणि ज यांचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. 'चार गुरं' आणि 'गुरं चार' यांतले 'चार' वेगळे, थोडंसं या अर्थाचं 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचं 'जरा' वेगळं. ज्याला अर्थ आधी कळलेला नाही त्याला हा उच्चार वेळेवर सापडत नाही. मजकूर प्रक्षेपणाआधी निदान एकदा मोठ्यानं वाचा, हा आग्रह यातूनच येतो. मनातल्या मनात वाचण्यानं जीभ कुठे अडखळणार ते कळत नाही.

हे सगळं आत्ताच का, असा प्रश्न येईल. मराठी वृत्तवाहिन्या २००७ पासून चोवीस तास बोलू लागल्या, तेव्हा निवेदकांची संख्या एकदम वाढली. लिखाण सावकाश करायला सवड मात्र उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांना रातोरात कॅमेऱ्यासमोर जावं लागलं आणि त्यातले अनेक जण तिथेच राहिले. आता तर यंत्रच मदतीला आलं आहे. २०२३ च्या जानेवारीत एनव्हिडियानं अशी प्रणाली आणली, जी वाचणाऱ्याची ढळलेली नजर चित्रातच दुरुस्त करून भिंगाकडे वळवते. २६ मे २०२४ ला डीडी किसान वाहिनीनं क्रिश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन निवेदक पडद्यावर आणले, जे पन्नास भाषांत बोलू शकतात. ते कधी फंबल करत नाहीत, त्यांचे डोळे सरकत नाहीत, त्यांना टीपीही लागत नाही. निर्दोष वाचन हीच जर कसोटी असेल तर या स्पर्धेत माणूस उतरूच शकत नाही. पण गारपिटीची बातमी सांगताना ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याचा आवाज कुठे जड होतो, हे शेतकऱ्याला ओळखता येतं. म्हणून नजर दुरुस्त करण्याच्या युक्त्यांना या पुस्तकात कमी जागा दिली आहे, आणि बोलणाऱ्यानं बोललेल्या गोष्टीचा अर्थ त्या क्षणी पुन्हा मनात आणावा कसा, याला भरपूर.

लेखकांमध्ये एकमत नाही, आणि ते असावं असा प्रयत्नही मी संपादक म्हणून केला नाही. वृत्तकक्षातून आलेल्यांना लिहिलेला शब्द बदलणं हा गुन्हा वाटतो. नाट्यक्षेत्रातून आलेले म्हणतात, तोंडात बसत नसेल तो शब्द जागच्या जागी बदला. ऑपरेटर म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्यांना दोघांचंही थोडंथोडं पटतं, आणि बदललेल्या शब्दामुळे ओळ हरवली तर काय करायचं ते त्यांच्याच लेखात सापडेल. वाचकानं हे लेख क्रमानं वाचलेच पाहिजेत असं नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं लेखनावरचा विभाग आधी घ्यावा आणि यंत्रावरचा शेवटी, एवढं मात्र सुचवेन. बहुतेक जण उलट करतात, आधी यंत्र विकत घेतात.

एक प्रश्न मात्र या संग्रहात पूर्णपणे सुटलेला नाही, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सहज म्हणजे कुणाचं सहज? दूरदर्शनच्या काळात प्रमाण मराठीचा एक उच्चार ठरला आणि त्यानं शुद्धतेचा एक मापदंड दिला. त्याचं ऋण मोठं आहे. पण नांदेडचा, गडचिरोलीचा, सावंतवाडीचा किंवा पणजीचा माणूस कॅमेऱ्यासमोर आला की तो आधी स्वतःची बोली दाबतो, मग वाचतो, आणि आपण त्याला सांगतो की सहज बोला. दोन ओझी एकदम वाहत कुणाला सहज बोलता येईल? बातमीपत्राला प्रमाणभाषा लागते हे मान्य. कपाशीवरची बोंडअळी समजावून सांगणाऱ्या यवतमाळच्या कृषी अधिकाऱ्यानं मात्र 'आपल्याला' म्हणावं की 'आपल्याले', हे त्याच्या श्रोत्यांनी ठरवावं, पुण्या-मुंबईच्या कुणी नाही. बोलीत टीपीसाठी लिहायचं कसं, उच्चार कसा नोंदवायचा, कुठे प्रमाण रूप ठेवायचं, यावर अजून फार थोडं काम झालं आहे. शेवटच्या विभागात वऱ्हाडी आणि मालवणीत तयार केलेले काही मजकूर सरावासाठी दिले आहेत. ते वाचून पाहावेत, आपल्या बोलीत बदलून लिहावेत, आणि जिथे ते खोटे वाटतील तिथे खुशाल खोडावेत. पुढच्या आवृत्तीत हा विभाग सर्वांत मोठा व्हावा अशी माझी इच्छा आहे.